हार कोणी घातला

काशीरामच्या शेतात क्रूस उभा राहिला त्या दिवशी कुणाचंच काही बिनसलं नव्हतं. उलट सगळ्या करंजपाड्याला मौज वाटली होती. सिनेमाच्या शूटिंगसाठी सातिवलीच्या एका गोदामात प्लायवूड आणि थर्माकोल कापून, वर सिमेंटचा हात देऊन तो तयार केला होता. टेम्पोतून आला तेव्हा दोन माणसांनी तो सहज उतरवला. खाडीच्या बाजूला, बांधालगत त्याला चौथरा केला. मग रंगारी आला. त्याने स्पंजने शेवाळ उमटवलं, जुन्या मेणबत्त्यांचे ओघळ काढले आणि चौथऱ्यावर १९०३ असा सन कोरल्यासारखा रंगवला.

इग्नेशियस मुद्दाम बघायला आला. त्याला गावात सगळे इनास म्हणत. काशीरामचा तो लहानपणापासूनचा सोबती. एकाची आगरी आळी, दुसऱ्याची ख्रिस्ती आळी, मध्ये एक तळं. त्याने क्रूसावर बोटाने टकटक करून पाहिलं आणि पोट धरून हसला.

"काशा, याच्यापुढं आपला नाक्यावरचा खुरीस कालचा वाटतो रे!"

सिनेमावाल्यांमध्ये क्षितिजा नावाची एक मुलगी होती, एव्हरशाईन सिटीत राहणारी. सेटची मांडणी तिच्याकडे होती. तिने काशीरामला गोष्ट समजावून सांगितली होती. खाडीकाठचं एक गाव, त्याच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेला एक बिल्डर, आणि शेवटी त्याची माणसं जेसीबी आणून गावाचा क्रूस पाडतात.

"पाडनार?" काशीरामने विचारलं होतं.

"व्हिलन पाडतो, काका. आम्ही नाही," ती म्हणाली होती आणि दोघंही हसले होते.

पण पाडायच्या आधीच हिरोला कसलासा ताप आला आणि शूटिंग पुढे गेलं. युनिट गाशा गुंडाळून निघून गेलं. मागे राहिला एक वॉचमन, दिवसभर झोपणारा, आणि तो क्रूस.

महिना होता मे. मे महिन्यात करंजपाड्याची ख्रिस्ती आळी सजते. प्रत्येक वळणावरच्या क्रूसाला चुना लागतो, हार चढतात. रोज एकेका क्रूसाशी संध्याकाळी बायका जमतात, मेणबत्त्या लावतात, गुडघे टेकून लादीन म्हणतात. ती प्रार्थना अर्धी बोलल्यासारखी, अर्धी गायल्यासारखी असते. मग उकडलेले चणे वाटतात. काशीराम या चण्यांचा जन्माचा वाटेकरी. लहानपणी तो गोवराने फणफणला होता तेव्हा त्याच्या आईने एकीकडे गावदेवीला नारळ बोलला होता आणि दुसरीकडे नाक्यावरच्या क्रूसाला मेणबत्ती. तो वाचला. कोणामुळे, याचा हिशेब आईने कधी केला नाही. तेव्हापासून दर मे महिन्यात तो त्या क्रूसापाशी कडेला टोपी काढून उभा राहायचा आणि लादीन संपली की ओंजळ पुढे करायचा. त्यात कोणाला कधी नवल वाटलं नव्हतं.

त्यामुळे त्याची बायको पुतळाबाई एक दिवस शेतावरून येऊन जे म्हणाली तेही त्याला नवल वाटण्याजोगं वाटलं नाही.

"गावातले सगळे खुरीस नटले आनि आपल्या शेतातला एकटा बोडका उभा हाय. बघवत नाय बाई."

"तो खोटा हाय गो."

"खोटा तर खोटा. उभा तर हाय ना?"

काशीराम उठला. त्याने वाडीतला मोगरा तोडला, पुतळाबाईने ओवला. हार घालून तो मागे सरून बघत राहिला, आणि त्याला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटलं. येताना त्याने इनासच्या कुंपणाशी थांबून हाक मारली.

"रेजिनाबायला म्हनावं, एक संध्याकाळ माझ्या शेतात करा."

रेजिना इनासची बायको. आळीतली लादीन तीच चालवायची. ती आतून ओरडली, "थर्माकोलपुढं लादीन? फादरला कळलं तर मनाच पापनिवेदनाला बसवतील!"

"अगो, मे महिना हाय. माझ्या बांधावर उभा हाय. उपाशी कसा ठेवू?"

"आनि चने कोन देनार?"

"मी देतो. चने मी देतो."

रेजिना आली. चारदोन बायका घेऊन हसत हसतच आली, पण चौथऱ्याशी मेणबत्ती पेटल्यावर तिचं हसू गेलं. डोक्यावर पदर घेऊन तिने सुरुवात केली. खाडीवरचा वारा मेणबत्त्या विझवत होता आणि बायका हाताचे आडोसे धरून म्हणत होत्या. काशीराम मागे चण्यांचा टोप घेऊन उभा होता. टोपी त्याने काढून खांद्यावर टाकली होती.

क्षितिजा त्या दिवशी क्रूसाचा रंग उन्हाने उडाला का ते बघायला आली होती. तिने या सगळ्याचा मोबाईलवर व्हिडिओ घेतला आणि 'आमचा सेट खरा झाला' असं लिहून लोकांना दाखवला. तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. त्या चित्रात रेजिनाचा चेहरा स्पष्ट होता, क्रूस होता, हार होता. काशीरामचं फक्त एक कोपर दिसत होतं, तेही टोपाच्या कडेला.

दोन दिवसांत तेच चित्र गावोगाव फिरलं, पण खालची अक्षरं बदलली होती. कुठे लिहिलं होतं, आगरी शेतकऱ्याच्या जमिनीत रातोरात क्रूस. कुठे लिहिलं होतं, सिनेमावाले क्रूस पाडणार, ख्रिस्ती समाज गप्प का?

कल्पेश भर दुपारी घरी आला. काशीरामचा हा एकुलता एक मुलगा. वालीवच्या नाक्यावर त्याचं मातीभरावाचं ऑफिस होतं. महापालिकेची निवडणूक आज लागेल, उद्या लागेल म्हणत वर्षं गेली होती, आणि तेवढी सगळी वर्षं तो तिकिटासाठी पक्षाच्या साहेबांच्या मागे होता. गणपतीपासून दहीहंडीपर्यंत प्रत्येक बॅनरवर त्याचा फोटो असायचा, कोपऱ्यात, पण असायचा. आता निवडणूक खरोखर तोंडावर आली होती.

"बाबा, आपल्या सातबाऱ्यावर क्रूस उभा राहिला," तो चप्पल न काढताच म्हणाला. "लोक मला विचारतायत, जमीन विकली का धर्म विकला."

"शूटिंगचा हाय तो. सगळ्यांना ठाऊक हाय."

"शूटिंगच्या क्रूसापुढे प्रार्थना होते? साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या शेतात काय चाललंय ते तुला ठाऊक नाही, तू वॉर्ड काय सांभाळणार?" तो खाटेच्या कडेला बसला. आवाज खाली आला. "उद्या युनिट परत येतंय. पोलीसही येणार आहेत, साहेबांची माणसं येणार आहेत. तू एवढंच म्हणायचं, मला कोणी विचारलं नव्हतं, त्या बायका आपणहून घुसल्या. बोलूही नको. इन्स्पेक्टर विचारेल, तू मान हलव."

"मग?"

"मग तक्रार होईल. जे आता माझ्यावर येतंय ते माझ्या बाजूने फिरेल."

"तक्रार कोनावर?"

कल्पेशने बापाकडे बघायचं टाळलं. "ती पुढे दिसते ना. तिचं नाव येईल."

"ती म्हंजे रेजिनाबाय. तुझ्या हळदीला सगळ्यांच्या आधी ती आली होती."

"तेव्हा निवडणूक नव्हती, बाबा."

पुतळाबाई चुलीपाशी होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. सांग आता, असं ते पाहणं होतं. काशीरामच्या तोंडात वाक्य तयार होतं. हार मी घातला, तिला मी बोलावलं. एवढंच तर होतं. पण समोर पोरगा डोकं धरून बसला होता. मागच्या खेपेलाही त्याचं नाव शेवटच्या घटकेला कापलं गेलं होतं. तेव्हा तो आठवडाभर घराबाहेर पडला नव्हता. काशीराम गप्प राहिला. कल्पेशने ते गप्प राहणं होकार समजून घेतलं आणि जाताना पहिल्यांदाच बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात काशीरामला संध्याकाळपर्यंत खांद्यावर जाणवत होता.

दिवस कलल्यावर तो तळ्याला वळसा घालून इनासकडे निघाला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. कदाचित रेजिनाला म्हणायचं होतं, चार दिवस नालासोपाऱ्याला लेकीकडे जाऊन ये. कदाचित नुसतंच बसायचं होतं. फाटकाच्या कडीला हात लावला आणि आतला आवाज ऐकून तो तसाच थांबला. रेजिनाचा भाचा मार्क आला होता. चर्चच्या युवक मंडळाचा तो पुढारी. पोरगा चांगला होता, पण रागाने त्याचा आवाज फुटत होता.

"मावशी, ते लोक कॅमेऱ्यापुढे क्रूस पाडणार आणि टाळ्या वाजवणार. आम्ही ते थांबवायला निघालो, तर तू त्याच थर्माकोलपुढे गुडघे टेकून बसलेली! आता ते म्हणतात क्रूस आम्हीच उभा केला, जमीन लाटायला. कोणी बोलावलं तुला तिथे? नाव सांग."

"मना कोन बोलावनार?" रेजिना म्हणाली. "नजरेस पडला. गेले."

"कोणीच नाही बोलावलं?"

"सांगितलं ना. आता च्या पिनार का नुसता ओरडनार?"

ओटीवर इनास केळीच्या सोपटाची दोरी वळत बसला होता. त्याला फाटकातला काशीराम दिसला. दोघांची नजरानजर झाली. इनासने हाक मारली नाही. त्याने मान खाली घातली आणि दोरीला पुन्हा पीळ द्यायला लागला, जरा जास्तच जोराने. काशीरामने कडीवरचा हात काढला आणि आल्या वाटेने परत फिरला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत शेतात माणूस मावेना. एका बांधावर गळ्यात उपरणी घातलेली साहेबांची पोरं, समोरच्या बांधावर मार्क आणि त्याच्या मागे आळीतली तरुण मंडळी. मध्ये पोलीस. पलीकडे पिवळा जेसीबी, त्यावर बिडी ओढत बसलेला ड्रायव्हर. दिग्दर्शक वेदांत हा तिशीतला मुलगा, घामाने भिजलेला, ज्याला त्याला सांगत होता, "सर, आमची फिल्म गावाच्या बाजूनेच आहे! क्रूस पाडणारा वाईट दाखवलाय आम्ही!" ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

"वाईट दाखवलाय म्हणजे पाडलेला दाखवलाच ना?" मार्क म्हणाला.

"आणि तुमच्या त्या फिल्ममधल्या बिल्डरच्या गळ्यातलं उपरणं कुठल्या रंगाचं आहे, ते पण सांग की!" समोरच्या बांधावरून आवाज आला.

क्रूसावर मोगरा तसाच होता. सुकून तांबूस झालेला, दोऱ्याला चिकटलेला.

इन्स्पेक्टरने रेजिनाला बोलावून घेतलं होतं. ती चर्चला जाताना नेसते ते लुगडं नेसून आली होती, हातात जपमाळ. इनास तिच्या मागे दोन पावलं. काशीराम आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओळख न दाखवण्यात तिची किती धडपड चालली होती ते काशीरामला दिसलं. दुसऱ्या कोणाला ते दिसणं शक्य नव्हतं.

"जमीन तुमची?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"माझी."

"शूटिंगला तुमची परवानगी होती. प्रार्थनेला होती का? की या बाई न विचारता आल्या?"

कल्पेश बापाच्या शेजारी उभा होता. त्याने हळूच बापाचा दंड धरला. "मान हलव, बाबा," तो ओठांत म्हणाला.

काशीरामची मान हललीही असती. त्याला ते नंतर पुष्कळ दिवस वाटत राहिलं, की हललीही असती. पण तेवढ्यात रेजिनानेच तोंड उघडलं. "साहेब, त्याला कशाला विचारता? मीच–"

"हार मी घातला," काशीराम म्हणाला.

"कोणता हार?"

"तो. मोगऱ्याचा. माझ्या वाडीतला हाय. बायकोनं ओवला. आनि रेजिनाबायला मीच बोलावलं. ती नाय म्हनत होती. चने पन माझे."

मग उपरण्यांच्या बांधावरून कोणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा कधी झाला रे कल्पेश? आम्हाला जेवायला नाही बोलावलं!" हशा पिकला.

काशीरामला वाटलं, निदान दुसऱ्या बांधावर तरी कोणी काही बरं बोलेल. मार्क पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काका, आमची प्रार्थना म्हणजे तुमच्या शूटिंगच्या क्रूसाची सजावट आहे का? खोट्या क्रूसापुढे माझ्या मावशीला बसवलंत, आणि काल दिवसभर लोक तिला शिव्या देत होते तेव्हा कुठे होतात?"

पहिल्या प्रश्नाला काशीरामकडे उत्तर होतं, पण ते त्याचं त्यालाच फार लहान वाटलं.

"मे महिना होता," तो म्हणाला. "आनि तो बोडका होता."

मागे जमलेल्या आळीतल्या बायकांमध्ये कोणीतरी नाक पुसलं. बाकी कोणाला ते कळलं नाही.

"म्हणजे तुमची तक्रार नाही?" इन्स्पेक्टर वैतागून म्हणाला.

"कोनाची करू? माझीच?"

दंडावरची पकड सुटली होती. कल्पेश ओरडला नाही, भांडला नाही. त्याने मोबाईल कानाला लावला आणि बोलत बोलत बांधावरून निघून गेला. मोबाईल वाजलेला नव्हता, हे काशीरामला ठाऊक होतं.

इन्स्पेक्टरने शूटिंग बंद केलं आणि दिवस मावळायच्या आत क्रूस काढायला सांगितलं. पण काढणार कोण? जेसीबीवाला खाली उतरून हात जोडून म्हणाला, "साहब, मैं नहीं छूएगा. दोनों साईड से मोबाईल चालू है." सेटवरचे सुतार एकमेकांच्या मागे सरकायला लागले. वेदांत म्हणाला, आम्हाला तो परत नकोच. फादरना फोन लावला. ते म्हणाले, त्या वस्तूला चर्चने आशीर्वाद दिलेला नाही, ती चर्चमध्ये ठेवता येणार नाही. पण लोकांनी तिच्यापुढे प्रार्थना केली आहे, तेव्हा रस्त्यावर टाकू नका.

शेवटी इनास पुढे आला. "पाना कोनाकडे हाय?" त्याने विचारलं.

क्षितिजाने पिशवीतून पाना काढून दिला. तिचे डोळे सुजले होते. "काका, व्हिडिओ मी टाकला–"

"हार तू नाय ना घातलास, पोरी," काशीराम म्हणाला.

रेजिनाने आधी मोगरा उतरवला, पदरात घेतला, ओठांत काही म्हणाली. मग दोघा म्हाताऱ्यांनी एकेक बोल्ट सोडवून क्रूस आडवा केला. दोघांच्या खांद्यावर तो हलकाच होता. दोन्ही बांधांवरची माणसं त्याचं चित्र घेत होती. काशीरामच्या गोठ्यात, पेंढ्याच्या माळ्यावर त्यांनी तो ठेवला. पुतळाबाईने आपलं जुनं लुगडं आणून त्यावर घातलं. थर्माकोलला उंदीर लागतात, एवढंच ती म्हणाली.

तिकीट दुसऱ्याला देणार, अशी बोलवा आठवड्याच्या आत सगळीकडे झाली. नाक्यावरच्या नव्या बॅनरच्या कोपऱ्यात कल्पेश नव्हता. तो आणि त्याची बायको रचना एव्हरशाईनच्या फ्लॅटवर राहायला गेले. तिथून पोरांची शाळा जवळ पडते, असं रचनाने सासूला सांगितलं. कल्पेशचा फोन यायचा, पण आईला. "बाबा जेवला का?" एवढं विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आधीच दुसऱ्या गोष्टीवर जायचा.

मेच्या शेवटी नाक्यावरच्या क्रूसाची पाळी आली. काशीराम दरवर्षीसारखा टोपी घेऊन निघाला. तळ्यापाशी इनास वाट बघत उभा होता.

"आज जरा लांबूनच ऐक, काशा. मार्कची पोरं उभी हायत, पोलिसांची गाडी हाय. तुला म्हनून नाय सांगत. सगळ्यांसाठीच."

"बरं," काशीराम म्हणाला.

तो करंजाच्या झाडाखाली उभा राहिला. टोपी काढायची का नाही, ते त्याला ठरवता येईना. रेजिनाचा आवाज वाऱ्यावर तुटत तुटत येत होता. लादीन संपली, माणसं पांगली, आणि तो रिकाम्या हाताने घरी आला. ओंजळ न भरता तो त्या दिवशी पहिल्यांदा परत आला होता.

सकाळी पुतळाबाईला मागच्या पायरीवर स्टीलचा डबा सापडला. आत चणे. डबा कोणाचा ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी चणे खाल्ले. मग तिने डबा घासला, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात मोगऱ्याच्या कळ्या भरल्या.

"मागनं नेऊन ठेव," ती म्हणाली. "तिनं ठेवला तसा."

काशीरामने डबा घेतला आणि तो पुढच्या दाराने निघाला. तळ्याचा रस्ता, मग नाका. एका बाजूला चहाच्या टपरीवर कल्पेशचे दोस्त बसले होते, दुसऱ्या बाजूला क्रूसाच्या कठड्यावर मार्कची पोरं. बोलणी थांबली. एकाने मोबाईल वर केला. काशीरामने डबा दोन्ही हातांत धरला होता, पाण्याने भरलेला असल्यासारखा.

दार रेजिनानेच उघडलं. तिने डब्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावरून मागे रस्त्यावर.

"मागच्या दारानं यायचंस, काशा," ती हळू आवाजात म्हणाली.

"मना तुझं मागचं दार ठाऊक नाय," तो म्हणाला. "कधी आलोच नाय तिथनं."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. दाराची एक फळी तिच्या हातात होती. ती उघडावी की लावावी हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि काशीराम डबा पुढे धरून तिचं ठरेपर्यंत थांबून राहिला.